चाव्यांचा जुडगा

ऐन टोमॅटोच्या हंगामातली पहाट. पिकअपमध्ये क्रेट भरलेले, नारायणगावच्या बाजाराची वेळ टळत चाललेली, आणि गाडी काही केल्या सुरू होईना! आण्णा चावी फिरवीत होते; पण सेल्फ गप्प. अखेर चौघांनी धक्का मारला, तेव्हा कुठे इंजिन घरघरले.

बॅटरी मागच्याच महिन्यात नवी घातलेली. "आता सेल्फच बदलावा लागंल," आण्णा म्हणाले. आईने डब्यातून पैसे काढून दिले. ते माझ्या परीक्षेच्या फीचे होते. मी काहीच बोलले नाही.

बाजार आटोपून आम्ही वायरिंगच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी हत्यार उचलले नाही, प्रश्न विचारले. "हॉर्न वाजतो? चावी फिरवताना दिवे मंद होतात?" हॉर्न खणखणीत होता, दिवे जराही मंद होत नव्हते. "म्हणजे बॅटरी चांगली. करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही."

मग वायर जोडलेला छोटा बल्ब घेऊन ते स्टिअरिंगखाली वाकले. बॅटरीकडून स्विचला येणाऱ्या तारेवर बल्ब लागला. सेल्फकडे जाणाऱ्या तारेवर मात्र, मी चावी पूर्ण फिरवूनही, अंधारच! गाडी न्यूट्रलला आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, हे पाहून त्यांनी त्या दोन तारा क्षणभर जोडल्या. इंजिन लगेच सुरू झाले.

"सेल्फ ठणठणीत आहे, आण्णा. चावीचा स्विच आतून झिजलाय." त्यांनी लोंबता जुडगा तळहातावर तोलला. घर, ट्रंक, मोटारीची पेटी, खताची खोली... "एवढं ओझं एका चावीला टांगल्यावर दुसरं काय होणार?"

नवा स्विच थोडक्यात बसला. फी वाचली.

तर्कशास्त्रात मला चांगले गुण आहेत. पण त्या पहाटे 'सेल्फच कशावरून?' एवढा साधा प्रश्न मला सुचला नाही. की सुचूनही, शिकलेली पोर उलट बोलते म्हणतील, म्हणून मी गप्प राहिले? गप्प राहण्याची किंमत घराला मोजावी लागणार होती.

रात्री मी जुडग्यातली ट्रंकेची चावी काढली. "आण्णा, ही माझ्याकडं राहू द्या. आणि हिशेबाची वहीपण."

आण्णांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग काही न बोलता वही पुढे सरकवली.