पत्र्यावरचा हात

आमच्या घरचा कूलर दर एप्रिलात थडथडतो. पंखा सुरू झाला की डाव्या बाजूचा पत्रा असा काही वाजतो, की वाटावं आत कोणी डबे आपटतंय. २००६ साली तो बसवायला गड्डीगोदामातून भाऊ आले होते. मी आतल्या खोलीत, जुन्या बाजारातून घेतलेल्या इलेक्ट्रिक गिटारवर उच्छाद मांडला होता. तो त्यांनी ताट्या बदलता बदलता मुकाट्यानं ऐकला. मग ओल्या हातानंच दारात येऊन उभे राहिले.

"बाबू, साहीच्या साही तारा कायले झोडपून राहिला बे?"

अकरावीची परीक्षा नुकतीच झाली होती. क्लासमध्ये शिकलेल्या पूर्ण कॉर्ड्स मी डिस्टॉर्शन लावून वाजवायचो आणि गाळ ऐकू यायचा. दोष गिटारचा आहे, अशी माझी पक्की समजूत होती. भाऊंनी गिटार घेतली, तर्जनी जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ठेवली, अनामिका आणि करंगळी पुढच्या दोन तारांच्या पाचव्या पडद्यावर. "सा, प, वरचा सा. बस. बाकीच्या तारा याच बोटाच्या पोटानं झाक." आणि एकच फटका मारला. खिडकीच्या काचा हलल्या. आईनं स्वयंपाकघरातून माझं नाव घेऊन हाक मारली, शिव्या मला बसल्या.

पॉवर कॉर्ड हा शब्द भाऊ वापरत नसत. ते त्याला 'सा-प' म्हणायचे. दिवसा पत्र्याचं काम आणि रात्री भीमगीतांच्या पार्टीत गिटार, असा त्यांचा संसार. १४ एप्रिल आणि उन्हाळा नागपुरात हातात हात घालून येतात, त्यामुळे त्या महिन्यात त्यांना झोप ठाऊक नसे. ढोलक, ऑक्टोपॅड, बेंजो आणि पाच-सहा गळे यांच्यात गिटारला जागा किती मिळणार? बेंजो सूर बोलायला बसलेलाच असतो. मग गिटारनं खालचा पाया धरायचा. तिथून त्यांना हे सापडलं होतं.

त्यातलं गणित मी नंतर कॉलेजात शिकलो. त्या जाड तारेचा सा सेकंदाला ९८ कंपनांचा, प सुमारे १४७ चा. म्हणजे दोनास तीन. डिस्टॉर्शनमधून जाताना या दोघांच्या फरकाचा, ४९ चा, तिसरा सूर जन्मतो आणि तो नेमका खर्जातला सा निघतो. कुठल्याही तारेवर नसलेला सा! मध्ये गंधार घुसवला की असे फरक वाढतात, एकमेकांच्या अंगावर जातात आणि माझा तो गाळ तयार होतो. आजी रोज पहाटे सा-पचा तंबोरा लावायची आणि जुळला की म्हणायची, ऐक, न छेडलेला गंधार बोलतोय. तेव्हा मला ते थोतांड वाटायचं.

खरं शिक्षण मात्र उजव्या हाताचं झालं. मे महिन्यात मी सायकलवर त्यांच्या दुकानी जायचो. पारा पंचेचाळीसला, आणि दुकानात पत्रा कापल्याचा वास. पाम म्यूटिंग म्हणजे तळव्याची कड तारांवर ठेवून वाजवायचं, एवढं मला माहीत होतं. पण माझी तार एक तर मरायची, नाही तर मोकळी सुटायची. भाऊंनी एक चालू कूलर पुढ्यात ओढला. पत्रा थडथडत होता. "ठेव हात." मी मधोमध ठेवला, आवाज बंद. "हे मुडदं झालं. आता कडेले ये." स्क्रूच्या ओळीपाशी करंगळीखालची कड टेकवली, तसा थडथडाट गेला आणि मागे एक दबका, घट्ट घुमार उरला. "आता जिवंत हाय, पण तुझ्या हाताखाली हाय. दाबू नको. टेकव."

गिटारवरही तसंच. कड नेमकी ब्रिजवर, जिथं तारा खोगिरातून निघतात. पाव इंच मानेकडे सरकलं की टकटक, पाव इंच मागे गेलं की मोकळा नाद. त्या पाव इंचात माझा अख्खा उन्हाळा गेला. लोडशेडिंगच्या तासांत अँप्लिफायर बंद असायचा, तेव्हा कान तारेजवळ नेऊन नुसता खालचा फटका, खालचा फटका.

पुढे टोनी आयोमीबद्दल वाचलं आणि धावत सांगायला गेलो. बर्मिंगहॅमचा पत्र्याच्या कारखान्यातला पोरगा, १९६५ मध्ये यंत्रात दोन बोटांची टोकं गेली, प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, आणि १९७० मध्ये त्याच बोटांनी ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम. मला वाटलं, भाऊ भारावतील. त्यांनी कात्री खाली ठेवली. "यंत्रावर होता? मंग गार्ड नव्हता काय त्याले?" बराच वेळ ते त्याच काळजीत होते.

भाऊंनी फी घेतली नाही. एकदा पाकीट पुढं केलं तर म्हणाले, "तुमच्याकडं पंप बदलायचा हाय, त्याचे दे." जाताना एक जॅक केबल दिली, स्वतः डाग देऊन जोडलेली, काळी पट्टी गुंडाळलेली. ती अजून माझ्याकडे आहे. परत करायची असते हे मला ठाऊक होतं.

यंदाही ते आले. केस पांढरे, सोबत भाचा. आईनं ताट्यांच्या भावावरून नेहमीसारखी घासाघीस केली. भाऊ शंभर म्हणाले की आई सत्तर म्हणते. मी मधे पडलो, की पूर्ण द्या, तर दोघंही माझ्यावर चिडले. ऐंशीवर तुटलं. मी आत जाऊन केबल शोधली, हातात घेतली आणि पुन्हा खणात ठेवली.