गोळीचे अंतरंग

एक्स-रे म्हटला की आपल्याला मोडके हाड आठवते. १८९५ साली राँटजेनने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र काढले, त्यात हाडे दिसली आणि बोटातली अंगठी. तेव्हापासून हे किरण आपण दुखणाऱ्या माणसासाठीच राखून ठेवले आहेत. त्यामुळे औषधाच्या गोळीचाही एक्स-रे काढतात, असे औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाच्याने सांगितले तेव्हा मला हसूच आले. रोगी सोडून औषधाचीच तपासणी!

गोळी एका लहानशा चौथऱ्यावर ठेवतात. ती हळूहळू फिरते आणि दर कोनातून तिची सावली टिपली जाते. अशा शेकडो सावल्या जुळवून संगणक ती गोळी आतूनबाहेरून उभी करतो. मग सुरी न लावता तिच्या हव्या तशा चकत्या पाहाव्यात. घट्ट तिथे उजळ, पोकळ तिथे काळे. एका चित्रात गोळीच्या माथ्याखाली काळी रेघ होती. भुकटी साच्यात दाबून गोळी करतात; दाब सुटला की ती किंचित फुगते, कोंडलेली हवा वाट शोधते, आणि चिरोट्याचा पापुद्रा सुटावा तसा वरचा थर सुटू लागतो. बाहेरून मात्र गोळी ठणठणीत!

दुसऱ्या चित्राने माझे हसू मावळले. वर औषध, खाली पाणी पिऊन फुगणारा थर, भोवती न विरघळणारे कवच, आणि औषधाच्या बाजूला कवचाला लेझरने पाडलेले एक छिद्र. पोटात गेल्यावर खालचा थर फुगतो आणि औषधाला त्या छिद्रातून दिवसभर थोडेथोडे बाहेर लोटतो.

आमचे आप्पा रक्तदाबाची नेमकी अशीच गोळी अडकित्त्याने फोडून घेत. अर्धी सकाळी, अर्धी रात्री. सुपारीला जो न्याय, तोच गोळीला! कवचच फुटल्यावर औषध हळूहळू कसले उतरणार? गेल्या वर्षी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी त्यांना भोवळ आली. कंबरेचे हाड वाचले हे नशीब. गोळी मोडू नका, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, आणि पाकिटावरची इंग्रजी अक्षरे मुंगीच्या पायांएवढी. मला राग येतो तो ह्याचा. कवचावर एवढी बुद्धी खर्चायची, आणि ते फोडू नका हे तीन शब्द ठळक मराठीत छापायला जागा नाही!

भाच्याने ते चित्र आप्पांनाही दाखवले. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पाहिले.

“अरे, ह्याला दार आहे की!” ते म्हणाले. मग एकदम गंभीर होऊन, “शेजारच्या वकिलांची गोळी कसली आहे, जरा बघून ये बरे. ते खलबत्त्यात कुटतात.”