आखाड्यावरची डोणी

वाचकहो, सेनगावहून हिंगोलीकडे जाण्याचा योग आला, तर एस.टी.त खिडकीजवळची जागा धरा. दोन्ही बाजूंना काळी रानं, पावसाळ्यात सोयाबीन आणि तूर, कुठे हळदीची हिरवीगार पाती, आणि मधूनच डोकावणारी कयाधू नदी. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यातला हा आमचा सेनगाव तालुका. कृषी विस्तार अधिकारी म्हणून इथली बरीच शिवारं मी पायी तुडवली आहेत. माणसांची नावं मी कधी विसरतो, पण कोणत्या आखाड्यावर कोणतं कुत्रं अंगावर येतं, हे मात्र विसरत नाही!

आज मी पिकांविषयी नाही, या कुत्र्यांविषयीच सांगणार आहे.

याच रस्त्यावर नर्सी लागते. संत नामदेवांचे हे जन्मगाव. कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा काठी घेऊन नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन नामदेव त्याच्या मागे धावले, ही गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकलेली आहे. कोरडी पोळी त्याच्या घशाला टोचेल, ही त्यांची काळजी. देवळात हात जोडताना माझ्या मनात नेहमी येते, की एवढा जिव्हाळा आपल्या भागातल्या मातीत जन्मला, मग आमच्या आखाड्यावरचे कुत्रे भर उन्हात तहानलेले का?

नर्सीच्या अलीकडे एका शेतकऱ्याचा आखाडा आहे. लिंबाच्या झाडाखाली एक दगडी डोणी आहे, काठोकाठ भरलेली. मागच्या उन्हाळ्यात मी तिथे थांबलो. डोणीवर चिमण्या, साळुंक्या पाणी पीत होत्या. शेजारी मातीचा लहानसा उंचवटा, आणि लिंबाच्या फांदीला घुंगराचा जुना पट्टा अडकवलेला.

मी विचारले, "काका, कुत्रं दिसत नाही?"

"गेलं की साहेब, दोन वर्सं झाली. इथंच पुरलं. बारा वर्सं जागल केली त्यानं. रानडुकराला कधी सोयाबीनात शिरू दिलं नाही. डोणी त्याच्यासाठीच आणली व्हती. ते गेलं, पर डोणी रिकामी बघवंना. म्हणून रोज पाणी टाकायलो बघा."

वाचकहो, कुत्र्याची आठवण ठेवणारे हे काका काही पहिले नव्हेत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम आहे. तिथे राजघराण्यातल्या समाध्यांजवळ छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत या कुत्र्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचवला, असे सांगतात. महाराज 1749 साली गेले, राज्यही गेले. पण त्या इमानी जनावराची आठवण नदीकाठी टिकून आहे.

याहून जुना दाखला कर्नाटकातला आहे. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर गावी सुमारे 950 सालचा एक शिलालेख सापडला. काळी नावाच्या कुत्रीला तिच्या धन्याने एका मोठ्या रानडुकरावर सोडले. झुंजीत दोघेही मेले. धन्याने तिच्या नावाने दगड उभारला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. तो दगड आज बंगळूरच्या संग्रहालयात आहे. त्या काळी राष्ट्रकूटांचे राज्य होते, आपला मराठवाडाही त्यांच्याच अमलाखाली होता. हजार वर्षे उलटली, तरी रानडुकराचे दुखणे तेच, आणि त्याला आडवे जाणारे कुत्रेही तेच.

राजांनी समाधी बांधली, सरदाराने दगड उभारला. काकांनी काय केले, तर डोणी भरती ठेवली. मला विचाराल, तर तिन्हींमध्ये काकांचे स्मारक मला मोठे वाटते. का, ते सांगतो. सांगायला जड जाते, तरी सांगतो.

सेनगावात माझ्याकडेही राजा नावाचे कुत्रे होते. एका मे महिन्यात मी सकाळीच खरीपपूर्व बैठकीला जिल्ह्याला निघालो. घरची मंडळी लग्नाला गेलेली. राजाला मी पत्र्याच्या शेडखाली बांधले, जर्मनच्या भांड्यात पाणी ठेवले, भाकरी ठेवली. दुपारपर्यंत येईन असे वाटले होते. बैठक लांबली, गाडी चुकली, दिवेलागणीला परतलो. साखळी खुंट्याभोवती गुंडाळलेली, भांडे उपडे, आणि राजा थंड पडलेला. त्या दिवशी बैठकीत मी उष्णतेपासून पिके वाचवण्यावर बोललो होतो!

ते पोचे पडलेले भांडे माझ्या कपाटात अजून आहे. ती माझी आठवण. पण काकांच्या डोणीकडे पाहून मला कळले, की कपाटातल्या भांड्याचा कुणालाच उपयोग नाही. ज्या सुखसोयीअभावी आपले जनावर गेले, ती दुसऱ्या जनावराला देणे, हीच खरी आठवण.

म्हणून आता चार गोष्टी सांगतो, त्या मनावर घ्या.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते अंग निववते. उन्हाळ्यात पत्र्याखाली हवा कोंडते आणि तापते. तिथे त्याला बांधू नका. झाडाची सावली उत्तम, पण सावली सरकते हे ध्यानात ठेवा आणि दोरी लांब ठेवा. पाण्याचे भांडे जड असावे, उलटणारे नसावे. पावसाळ्यात आणि थंडीत ओल्या जमिनीऐवजी उंच कोरड्या जागी जुने गोणपाट टाका.

खाण्यात भाकरीबरोबर थोडे वरण, ताक, अंडे द्या. कांदा-लसणाचे उरलेसुरले घालू नका, तो त्याच्या रक्ताला बाधतो. गोचीड झाले, की पिकावरचे औषध अंगाला चोळण्याची आपल्याकडे सवय आहे. कुत्रे अंग चाटते आणि विष पोटात जाते. त्यापेक्षा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

पिसाळण्याची लस तीन महिन्यांच्या पिल्लाला, आणि पुढे दरवर्षी टोचून घ्या. त्यात कुत्र्याइतकेच घरातल्या लेकरांचेही रक्षण आहे. कुणाला कुत्रे चावलेच, तर जखमेत हळद, चुना, तिखट भरू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा.

कुत्रे गेले, तर त्याला नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. विहिरीपासून दूर, चार फूट खोल खड्ड्यात पुरा आणि वर लिंबाचे नाहीतर करंजाचे रोप लावा. गळ्यातला पट्टा, घुंगरू लेकरांपाशी राहू द्या. त्यांना रडू येत असेल, तर "कुत्र्यासाठी काय रडतोस" असे म्हणू नका.

आपण बैलांसाठी पोळा करतो, गाई-वासरांसाठी वसुबारस करतो. रात्रभर जागणाऱ्या कुत्र्यासाठी आपल्याकडे सण नाही. नेपाळात दिवाळीच्या दिवसांत एक दिवस कुत्र्याला टिळा लावून गळ्यात झेंडूची माळ घालतात. आपल्याला माळ घालायची नसेल, तर राहू द्या. सकाळी गुरांना पाणी पाजताना एक बादली कुत्र्याच्या नावाने ओता, एवढे पुरे.

यंदा मी माझ्या अंगणात दगडी डोणी आणून बसवली आहे. घरी आता कुत्रे नाही. पण दुपारी गल्लीतले एक लंगडे कुत्रे येते, पोटभर पाणी पिते आणि सावलीला अंग टाकते. मंडळी विचारतात, "साहेब, हे तुमचंच का?" मी हो म्हणतो.

सेनगावला आलात, तर माझ्या घरी जरूर या. डोणी पाहून घर ओळखाल.