रेडवूडच्या सावलीत

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आमचे अण्णा सांगलीहून आले ते बजावतच, "या खेपेला मॉल नि म्युझियम नको. झाडं दाखव." चाळीस वर्षे लाकडाची वखार चालवलेला माणूस! मग सौ.ने दिलेल्या दशम्या-चटणी घेऊन सॅन होजेहून १०१ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला निघालो. युरेकाला मुक्काम केला आणि सकाळी तासाभरात प्रेअरी क्रीकला पोचलो.

इथे हायवे सोडून न्यूटन ड्रूरी पार्कवेवर वळावे. रस्ता जेमतेम दहा मैलांचा, पण दोन्हीकडे आभाळ झाकणारे रेडवूड. सुरुवातीच्याच कुरणात रूझवेल्ट एल्कचा कळप चरत होता. "अरे, हा तर आपला सांबर, पण खात्यापित्या घरचा!" इति अण्णा. नराचे वजन हजार पौंडांपर्यंत जाते, तेव्हा फोटो लांबूनच काढावेत.

'बिग ट्री' रस्त्यापासून पाच मिनिटांवर आहे, त्यामुळे अण्णांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. झाड सुमारे १५०० वर्षांचे. म्हणजे शिवाजी महाराज जन्मले तेव्हाच ते हजारी ओलांडून गेले होते. उन्हाळ्यात इथे पाऊस नसतो. पॅसिफिकवरून येणाऱ्या धुक्यावर ही झाडे तगतात. अण्णांनी जाडजूड सालीवर हात फिरवला. "राळ नाही यात. सागासारखं टिकणारं लाकूड."

परत येतो तो गाडीचे मागचे चाक बसलेले! नट काही हलेना, माझी मास्टर्स डिग्री तिथे कुचकामी ठरली. तेवढ्यात एक पिकअप थांबला. सत्तरीचे गृहस्थ उतरले. त्यांनी पान्याला लांब पाइप लावून पाच मिनिटांत काम केले. पैसे घेईनात, दशमी मात्र आवडीने खाल्ली.

बोलता बोलता कळले की ते तरुणपणी इथल्याच सॉ मिलमध्ये होते. १९६८ साली झालेला नॅशनल पार्क १९७८ मध्ये वाढवला, तेव्हा त्यांची नोकरी गेली. अण्णांनी मला विचारायला लावले, "राग नाही येत?"

"तेव्हा फार आला होता," ते म्हणाले. "घर विकावं लागलं. आता नातवंडांना घेऊन येतो. मूळ जंगलातलं शेकडा पाचच उरलंय. आम्ही थांबलो नसतो तर तेही नसतं."

अण्णांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. दोघेही काही बोलले नाहीत.

गाडीत बराच वेळ शांतता होती. मग अण्णा म्हणाले, "माझ्या वखारीत येणारं लाकूड कुठल्या जंगलातलं, हे मी चाळीस वर्षांत कधी कुणाला विचारलं नाही रे." मला उत्तर सुचले नाही. थोडे पुढे गेल्यावर त्यांनीच गाडी थांबवायला सांगितली. उतरले आणि एका झाडाखाली, मान वर करून, कितीतरी वेळ उभे राहिले.