भरलेला खड्डा

मी सुतार नाही. म्हणजे जातीनं नाही, कामानं आहे. 1976 साली आयटीआयमधून पॅटर्न मेकर होऊन बाहेर पडलो आणि ठाण्याच्या एका फाउंड्रीत लागलो. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, मागं जी पोकळी राहते तिच्यात लोखंड ओततात. नमुन्यावर एक ओरखडा राहिला तरी वाळू त्याला धरून बसते, साचा फुटतो. म्हणून आमचा धर्म एकच, गुळगुळीत. गाठ निघाली, भोक निघालं, तर लांबी भरा, काचकागद मारा, वर चपड्याचा हात द्या. कुणाला कळता कामा नये.

हातात रंधा बघितला की माणसं विचारायची, 'मिस्त्री, सुतार का?' मी हसायचो. हो कधी म्हणालो नाही. पण नाही असंही म्हणालो नाही. खोली ह्याच हसण्यावर मिळाली. घरमालकिणीनं दिवाळीचा फराळ ह्याच हसण्यावर दिला. ती पण लांबीच होती गड्यांनो. तोंडानं भरलेली.

1981 साली एका मोठ्या साहेबाचा पाईप फुटला. तंबाखू ओढायचा, लाकडाचा. त्यांनी मला बोलावलं. 'मिस्त्री, तुमच्या हातात कला आहे. हा ठोकळा घ्या, असाच एक करून द्या.' परदेशातून आणलेला ब्रायरचा ठोकळा होता. मी पहिल्यांदाच बघत होतो.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठच्या डोंगरात, कॉर्सिकात, सार्डिनियात, अल्जीरियात वाढणारं झुडूप. त्याच्या खोडाचं लाकूड कामाचं नाही. खोड आणि मूळ यांच्यामधे जी गाठ धरते, ती खणून काढतात. खडकाळ, उपाशी जमिनीत ती गाठ वर्षानुवर्षं फुगत राहते. मग ती कापायची, तासन्‌तास उकळायची, महिनोन्‌महिने सावलीत सुकवायची. एवढं सोसल्यावर ते लाकूड विस्तवाला सहजी जळत नाही. पण वाढताना त्यानं वाळू, खडे पोटात घेतलेले असतात. वरून दिसत नाही. कापत गेलं की समजतं.

मला समजलं शेवटच्या दिवशी. वाटी आतून कोरून झाली, दांड्याला आरपार भोक झालं, बाहेरून कानस मारत होतो आणि बुडाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा उघडला. आत वाळूचा कण. मी काय केलं? जे येत होतं तेच. त्याच लाकडाचा भुसा सरसात कालवला, लांबी भरली, घासली, पॉलिश केलं. माझं मलाच सापडेना.

साहेबांनी माझ्यासमोर पाईप तोंडात धरला. मी बघतच राहिलो. माझा आज्जा गिरणीत होता. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते, कारण धोट्यातला दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. आपली थुंकी लागलेला धोटा दुसऱ्यांना चालायचा नाही. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपपुढाऱ्यांपुढं ठेवला होता. आणि इथं माझ्या हातची वस्तू साहेबाच्या दातात. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? लाज वाटायला पाहिजे होती, पण आनंद झाला.

त्या साली 6 डिसेंबरला मी चैत्यभूमीवर गेलो. रजेच्या अर्जात तसं लिहिलं. पहिल्यांदाच लिहिलं. पुढच्या आठवड्यात शिपाई पाईप घेऊन आला. विस्तवाच्या उष्णतेनं लांबी सुटून पडली होती, खड्डा उघडा. साहेब भेटले तेव्हा म्हणाले, 'अरे, राहू दे तो तुझ्याकडेच.' 'तुम्ही' गेलं, 'अरे' आलं.

आता मला सांगा, त्यांनी पाईप परत केला तो पाईपातल्या खड्ड्यामुळं की माझ्यामुळं? मला आजपर्यंत कळलेलं नाही. कळायचा मार्गच मी बुजवून ठेवला होता. आधीच सांगितलं असतं, तर एकच कारण उरलं असतं.

पाईप डब्यात गेला. निवृत्त झालो, मग पुन्हा निघाला. भाचा जहाजावर आहे. इटलीतनं त्यानं चार ठोकळे आणले. गॅलरीत फळी टाकून बसलो. तेव्हा वाचत, विचारत समजत गेलं की ह्या धंद्यात गुळगुळीत हा एकच धर्म नाही. डाग निघालेला ठोकळा फेकत नाहीत. वरून खरबरीत कोरतात, डाग त्यात जिरून जातो. डाग लपवायची ती युक्ती. पण इटलीतल्या कांतू गावी कार्लो स्कोत्तीनं 1947 साली कास्तेल्लो नावानं पाईप सुरू केले, आणि त्यांचा 'सी रॉक' हा खरबरीत पाईपच लोक हौसेनं मागायला लागले. लंडनच्या डनहिलनं 1917 साली दुसरीच वाट धरली. दाबाच्या हवेनं पाईपवर वाळू मारायची. मऊ लाकूड उडतं, कडक वलयं उभी राहतात.

मी पहिल्यांदा गोलची घेतली. खवले खवले पाडले. वाईट नाही, पण एकसारखे, मशीननं पाडल्यासारखे. मग लोखंडी नळीच्या तुकड्यात काँक्रीटचे सात खिळे ठोकून बसवले, टोकं पुढं. ते दाबून पिळायचं. दगडासारखा पोत येतो. काळा स्पिरिट रंग द्यायचा, तो खाचांत बसतो. उंचवट्यांवरून काचकागद फिरवायचा आणि मग लाल. एक ध्यानात ठेवायचं, वाटीची भिंत आधीच दोन मिलिमीटर जाड ठेवायची. आणि दांड्याला जिथं तोंडाची नळी बसते, तिथं खिळा लावायचा नाही, सांधा उघडा पडतो.

वाळूचा फवारा मात्र मारला नाही. फाउंड्रीत फेटलिंग खात्यात वाळू मारणारी माणसं मी बघितलीत. पॅटर्न शॉपला शिकलेला एखादा मी होतो, फेटलिंगला आपली सगळी आळी होती. तोंडाला फडकं बांधायचे. चाळिशीत दम लागायचा, डॉक्टर टीबी म्हणायचा. ओतीव कामावर वाळू मारायला ब्रिटननं 1949 सालीच बंदी घातली होती. हे मला फार उशिरा कळलं. पाईपाच्या शोभेसाठी ती धूळ मी पुन्हा उडवणार नाही.

म्हणून ड्रिलला तारेचा गोल ब्रश लावला. तोंडाला नीट मास्क. ब्रायर कठीण, दोन संध्याकाळी गेल्या. मग हळूहळू वलयं बोटाला लागायला लागली. खिळ्यांनी जे उठतं ते माझ्या मनातलं असतं, कुठल्याही ठोकळ्यावर तेच. ब्रशनं उठतं ते त्या लाकडाचं असतं.

तेव्हा डब्यातला जुना पाईप काढला. खड्ड्याच्या कडेला उरलेली लांबी टोचून काढली. सगळ्या अंगावर ब्रश फिरवला. बघतो तर वलयं त्या खड्ड्याला वळसा घालून गेलेली. झाडानं तो खडा टाळला नव्हता, त्याच्या भोवतीनं वाढलं होतं. खड्डा तसाच ठेवला.

वर्गणी मागायला आपल्यातला एक पोरगा आला होता. फळीवर पाईप बघून म्हणाला, 'काका, हे साहेबी थेर कशाला? तंबाखूनं माणसं मरतात.' बरोबर बोलला. मी स्वतः ओढत नाही, कुणाला ओढ म्हणत नाही. मला त्या लाकडाशी काम आहे, हिशेब आहे. मी त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, लिहून द्या. म्हणून लिहिलं.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ पाईप बघायला आले. उलटसुलट करून बघितला. 'छान काम आहे. तुम्ही सुतार का?'

'नाही. बौद्ध. आधीचे महार. काम आयटीआयत शिकलो.'

ते जरा थांबले. मग खिळ्यांनी कोरलेला एक घेतला, भाव न करता. जुन्याकडं बोट दाखवून म्हणाले, 'हा केवढ्याला?'

तो विकायचा नाही, म्हटलं.