नाल

दौंडहून शिरूरला परतताना एसटीत मोबाइलवर महिन्याचा हिशेब उघडला. शेअर बाजारातल्या सौद्यांतला नफा ४,१००. दलाली, सौद्यांवरचा कर (एसटीटी), जीएसटी वजा जाता उरले ९००. लहानपणी जत्रेत पत्त्यांचा डाव लांबून पाहायचो. कुणीही जिंको, अड्डेवाला दर डावाला नाल म्हणून आपला वाटा काढायचा; पहाटे खिसा जड त्याचाच. सेबीचा २०२४चा अहवाल आठवला: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स खेळणाऱ्या ९३ टक्के लोकांना तोटा, आणि सगळ्यांचा मिळून व्यवहारखर्चच सुमारे ५०,००० कोटी रुपये. आणि आम्ही याला गुंतवणूक म्हणतो! वडिलांना कांद्यावरची अडत आयुष्यभर टोचली. मी मात्र दिवसाला दहादा दलाली भरतो, तीही हसत. न्हावऱ्याला गाडी थांबली. बोट अजून ‘खरेदी’च्या बटणावरच.