पाहण्याची फी

छत्तीसगढमधल्या भिलाईच्या सुपेला बाजारात गुडाखूची छोटी गोल डबी सहज मिळते. तंबाखू, गुळाची मळी, चुना, लाल माती आणि पाणी यांचा हा ओला, काळसर लगदा. सकाळी उठल्यावर बोटावर घ्यायचा, दात-हिरड्यांवर घासायचा, जरा वेळ तसाच ठेवायचा आणि डोकं हलकं झालं की चूळ भरायची. मग पुन्हा दुपारी, पुन्हा संध्याकाळी. पुरुष घासतात, बायका घासतात, आईचं पाहून मुलीही घासायला लागतात. महाराष्ट्रातल्या वाचकांना मशेरी आठवेल. फरक इतकाच, की मशेरी कोरडी आणि भाजलेली असते, आणि गुडाखूला गोडसर चव असते.

दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारनं 1992 साली बंदी केली. उत्पादक न्यायालयात गेले आणि 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली. गुडाखू मात्र तंबाखूचा पदार्थ म्हणून विकला जातो, दंतमंजन म्हणून नव्हे. त्यामुळे तो दातांनाच लावला जात असूनही आजतागायत दुकानात आहे. 2016-17 च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात छत्तीसगढमधले 39.1 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. देशाचा आकडा 28.6 होता, महाराष्ट्राचा 26.6. आमच्याकडच्या 39.1 मध्ये धूम्रपानाचा वाटा लहान आहे. तंबाखू इथे मुख्यतः तोंडात ठेवली जाते, म्हणजे थेट माझ्या कामाच्या जागी.

दंतवैद्यकापुढची मोठी आव्हानं कोणती, असं विचारलं की आमच्या व्यवसायातली मंडळी ठरलेली उत्तरं देतात. दंतवैद्य फार झाले. शिक्षण महाग झालं. साखळी दवाखाने आले. पदवी नसलेले झोलाछाप डॉक्टर बोकाळले. रुग्णाचा विश्वास उडाला. यातलं काहीच खोटं नाही. पण मला या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. आमची मिळकत दुरुस्तीवर चालते. दाढ भरली, नस काढली, कॅप बसवली, कवळी केली, तर पैसे. तोंड नीट पाहिलं, गालाच्या आतून बोट फिरवलं, जीभ उचलून खालचा भाग तपासला, दहा मिनिटं समजावून सांगितलं आणि ‘सध्या काही करायला नको’ म्हटलं, तर त्याला दाम नाही. रुग्णाला ते द्यावंसं वाटत नाही आणि आम्हाला मागायचा धीर होत नाही.

भिलाई हे गाव मुळात नोकरीनं वसवलेलं. 1955 साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. माणसं देशभरातून आली. आमच्यासारखी मराठी कुटुंबंही त्यात आली, कुणी नागपूरकडून, कुणी भंडारा-गोंदियाकडून. कारखान्याच्या कायम कर्मचाऱ्याला सेक्टर-9 च्या इस्पितळाचा आधार होता आणि अजून आहे. पण आता कारखान्यातलं बरंच काम ठेकेदाराकडचे मजूर करतात. कॅम्प, खुर्सीपार, जामुल या भागांत राहणारा हा मजूर दातासाठी बहुधा स्वतःच्या खिशात हात घालतो, आणि म्हणून शेवटपर्यंत येत नाही. येतो तेव्हा म्हणतो, ‘दाँत पिरावत हे, निकाल दे.’ दात काढायचा की वाचवायचा हा प्रश्न त्याच्यापुरता पैशानं आधीच सोडवलेला असतो. आयुष्मान योजना आली, पण तिचा भर इस्पितळात भरती होऊन घ्यायच्या उपचारांवर. दातांचा रोजचा उपचार खुर्चीवर बसूनच होतो, त्यामुळे तो बहुतांशी तिच्या बाहेरच राहतो.

आता दुसरी बाजू. दुर्ग-भिलाई-राजनांदगाव या टापूतच तीन खासगी दंत महाविद्यालयं आहेत. सरकारी महाविद्यालय रायपूरला. देशात तीनशेहून अधिक महाविद्यालयं आणि तीन लाखांहून अधिक नोंदणीकृत दंतवैद्य. चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, लाखोंची फी, मग दवाखान्याची खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह आणि त्यांचे हप्ते. नेहरूनगरच्या एकाच रस्त्यावर मुलं-मुली एकमेकांशेजारी पाट्या लावून बसतात, आणि पाटण-धमध्याकडच्या गावांत दातासाठी पंचवीस-तीस किलोमीटर यावं लागतं. हप्ता डोक्यावर असलेल्या पंचविशीतल्या दंतवैद्याकडून ‘काही करायला नको’ हे वाक्य किती वेळा निघेल? मी त्यांना दोष देत नाही. माझ्याकडे शिकाऊ म्हणून राहून गेलेल्या हुशार मुली आज रुग्णालय व्यवस्थापनात आहेत, केसांच्या प्रत्यारोपणाच्या दवाखान्यांत आहेत. ज्यांनी दात धरून ठेवले, त्यांना पॅकेज विकावी लागतात. रुग्णाला हे कळतं. एकीकडे तीन रूट कॅनाल सांगितले, दुसरीकडे एक, तर तो तिसरीकडे जात नाही, घरी जाऊन लवंगाचं तेल लावतो.

त्याच अविश्वासावर झोलाछाप जगतो. बाजारच्या दिवशी पथारी टाकून बसलेला माणूस काही शे रुपयांत ‘फिक्स दात’ लावून देतो. किडलेलं मूळ तसंच हिरडीत ठेवतो, त्यावर तिथल्या तिथे घट्ट होणारं अ‍ॅक्रिलिक थापतो आणि शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवतो. त्याखाली ब्रश पोचत नाही, हिरडी सडते, आणि वर्षा-दोन वर्षांत शेजारचे दातही हलायला लागतात. मी ते अ‍ॅक्रिलिक कापून काढते तेव्हा वासानं मदतनीस मागे सरते. एवढं होऊनही रुग्ण त्या माणसावर रागावलेला नसतो, कारण त्यानं किंमत आधी सांगितली होती.

सगळ्यांत जास्त मी अस्वस्थ होते ती न उघडणाऱ्या तोंडांमुळे. सुपारी आणि पानमसाला खाणाऱ्यांना होणारा सबम्युकस फायब्रोसिस. आधी तिखट झोंबतं. मग गालाची आतली त्वचा फिकट पडते, पांढुरकी, ताठ होते, बोटाला दोऱ्यांसारखे पट्टे लागतात. तीन बोटं एकावर एक धरून आत जायला हवीत, तिथे दोन, मग एक. वीस-बावीस वर्षांची मुलं येतात आणि सांगतात, ‘मुँह नइ खुलत हे.’ सुपारी सोडली तर वाढ थांबू शकते, व्यायामानं, इंजेक्शनांनी, शस्त्रक्रियेनं थोडं तोंड उघडतं, पण गेलेला मऊपणा पूर्णपणे परत येत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गटानं केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांचा 17 वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा 7.6 टक्क्यांना कर्करोग झालेला आढळला. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तंबाखूशिवायसुद्धा, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटलं आहे. गुटख्यावर 2012 पासून राज्याराज्यांत बंदी आली. लगेच दोन पुड्या शेजारी टांगल्या गेल्या, एक पानमसाल्याची, एक तंबाखूची. मुलं त्या हातावर एकत्र करतात.

या रोगांची खूण आधी दिसते. यंत्र लागत नाही. बॅटरी, तोंडातला आरसा आणि पाहणारे डोळे पुरतात. आणि या पाहण्याचा उपयोग होतो की नाही, हे आपल्याच देशात सिद्ध झालेलं आहे. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांतल्या 36,000 तंबाखू वापरणाऱ्यांची तोंडं तपासली आणि त्यांना तंबाखू सोडण्याबद्दल समजावलं. त्याचा अहवाल 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. लोकांनी खरोखर तंबाखू सोडली होती, आणि एर्नाकुलममध्ये नवे पांढरे चट्टे उमटण्याचं प्रमाण घटलं होतं. पुढे 1996 पासून तिरुवनंतपुरममध्ये प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते घरोघर जाऊन लोकांच्या तोंडात पाहत राहिले. 2005 मधले निष्कर्ष असे, की तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. हे पाहणारे डॉक्टर नव्हते.

असा पुरावा हाताशी असताना आमची संमेलनं इम्प्लांट आणि लेझरवर भरतात. मला इम्प्लांट आवडतात, मी बसवते, नव्या साधनांनी माझं काम चांगलं झालं आहे. पण एका परिषदेत तोंडाच्या तपासणीवरचं सत्र दुपारच्या जेवणानंतर ठेवलेलं पाहिलं आणि सभागृह रिकामं होतं, तेव्हा मला आमच्या व्यवसायाबद्दल वाईट वाटलं. 2023 च्या कायद्यानं 1948 चा दंतवैद्य कायदा बाजूला सारून राष्ट्रीय दंत आयोग आणायचं ठरवलं. पदवीच्या अखेरीस देशभर एक परीक्षा असेल. परीक्षा व्हावी. तिच्यात गालाच्या आतल्या पट्ट्यावर बोट ठेवून तो ओळखता येतो का, हे प्रत्यक्ष विचारलं जावं. पर्यायांवर खूण करून ते कळत नाही.

आणि छत्तीसगढकडे एक अशी गोष्ट आहे जी बाकी राज्यांनी इथून घेतली. मितानिन. देशात आशा कार्यकर्त्या येण्याआधी, 2002 पासून, इथल्या पाड्यापाड्यांत गावानंच निवडलेल्या या बायका आरोग्याचं काम करतात. कुणाच्या घरी गुडाखूची डबी कुठल्या फळीवर आहे, हे त्यांना माहीत असतं. त्यातल्या काही स्वतः घासतात, तेही आधी बोलावं लागेल. त्यांना पांढरा चट्टा, लाल चट्टा, न भरणारी जखम आणि न उघडणारं तोंड एवढं ओळखायला शिकवणं हे एका महाविद्यालयाच्या आवाक्यातलं काम आहे. इंटर्नशिपच्या वर्षातले तीन महिने प्रत्येक मुलानं दुर्ग जिल्ह्यातल्या एका गटात, मितानिनसोबत फिरावं. संशयित रुग्णासाठी छापील चिठ्ठी असावी, ती घेऊन तो महाविद्यालयात यावा आणि तिथून गरज पडली तर रायपूरच्या मेकाहारा या सरकारी इस्पितळात किंवा एम्सला जावा. त्या तीन महिन्यांचं विद्यावेतन महाविद्यालयानं नव्हे, राज्यानं द्यावं, आणि ते दात भरण्याच्या आकड्यावर नव्हे, तपासलेल्या तोंडांवर मोजावं. माझ्या दवाखान्यात मी तपासणीची वेगळी फी घ्यायला लागले आहे, पावतीवर वेगळ्या ओळीत लिहून. काही जण कुरकुरतात, पण देतात. जे देऊ शकत नाहीत त्यांच्या पावतीवरही ती ओळ असते, समोर शून्य लिहून.